काळ्या हंसांशेजारचा बाक

ज्या कृत्याने इजा होते ते दुष्ट बुद्धीनेच केलेले असते, असे नाही. पुष्कळदा ते स्नान करून, सोवळ्या मनाने, स्वच्छ डबीत झाकून आणलेले असते. करणाऱ्याला त्याचा परिणाम कळत नाही, आणि ज्याला कळतो त्याला बोलता येत नाही. अशा वेळी दोष कोणाकडे जातो, हा प्रश्न मला अजून छळतो. मित्रांनो, त्या प्रसंगातला न बोलणारा साक्षीदार मी आहे. मी एक जुना बाक आहे.

मेलबर्न नगराच्या पूर्वेला, ग्लेन वेव्हर्लीच्या घरांपासून पायी वीस मिनिटांवर, ‘ओल्ड सॉमिल लेक’ नावाचे तळे आहे आणि त्याला वेढून एक प्राचीन वन उभे आहे. तळ्याच्या उत्तर काठावर रेड गम जातीचा एक महावृक्ष आहे. त्याच्या खोडावर पुरुषभर उंचीचा लांबट व्रण दिसतो. या भूमीच्या मूळ रहिवाशांनी कोणे एके काळी तिथली साल सोलून होडी केली होती. त्यांनी साल घेतली आणि झाड राखले. पुढे गोरे लोक आले, त्यांनी लाकूड कापण्याची गिरणी घातली आणि झाड राखण्याचा हा नियम मोडला. गिरणी बंद पडली तेव्हा तिच्या आवारात शेवटचा एक ओंडका पडून होता. एका वृद्ध सुताराने तो चिरून, रंधून, ओतीव लोखंडाच्या पायांवर चार फळ्या बसवल्या आणि मला पाण्याकडे तोंड करून ठेवले. तो माझा जन्म.

पहिली अनेक वर्षे माझी फार निगा राखली जाई. गिरणीचे जुने कामगार दर वसंतात येऊन मला जवसाचे तेल चोळत. ते एकेक करून गेले. मग नगरपालिकेने मला हिरवा रंग फासला, आणि माझी तिसरी फळी कुजल्यावर तिथे पाईनची स्वस्त फळी ठोकली. ती अजून माझ्या अंगाशी जुळलेली नाही. डाव्या पायाचा बोल्ट ढिला आहे, तोही कोणी आवळत नाही. तरीही माझी तक्रार नव्हती. चालून दमलेला माणूस माझ्यावर टेकतो, गुडघ्यांवर हात ठेवतो, हळूहळू त्याचा श्वास खाली बसतो आणि त्याला समोरचे पाणी, पाणकोंबड्या, पाणलावे दिसू लागतात. एवढ्यासाठी मी होतो. बसायला जागा देणे हा माझा धर्म होता.

तो धर्म माझ्याकडून काढून घेण्यात आला, ते वर्ष म्हणजे महामारीचे वर्ष.

ऑगस्टच्या आरंभी नगरात कडक निर्बंध लागले. दिवसातून एकच तास बाहेर पडायचे, घरापासून पाच किलोमीटरच्या आत राहायचे, सोबत एकच माणूस आणि तोंडावर मास्क. रोगाचे भय खरे होते, नियमही प्राणरक्षणासाठी होते, हे मला मान्य आहे. परंतु एका सकाळी दोन माणसे व्हॅनमधून उतरली आणि त्यांनी मला तांबड्या-पांढऱ्या प्लास्टिकच्या फितीने सात वेढे देऊन बांधून टाकले. बसू नये, अशी पाटी लावली. माणसे पूर्वीपेक्षा दुप्पट संख्येने चालायला येत होती. कारण त्यांना दुसरीकडे जाताच येत नव्हते. थकलेली माणसे माझ्यापाशी येत, फितीकडे पाहत आणि निघून जात. मी रिकामा. वारा आला की फीत फडफडे आणि मला स्वतःचाच राग येई.

याच काळात शैलाबाई रोज येऊ लागल्या.

त्या पुण्याच्या, वय एकाहत्तर. मुलगा दत्तप्रसाद इथे संगणकाच्या कामावर; त्याच्याकडे तीन महिन्यांसाठी म्हणून फेब्रुवारीत आल्या आणि विमाने बंद झाल्यामुळे अडकल्या. त्यांचे यजमान पद्माकरपंत, निवृत्त संस्कृत शिक्षक, कर्वेनगरच्या घरात एकटे होते. बाईंचे गुडघे दुखरे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेले. सोबत त्यांची नात चिन्मयी येई, दहा वर्षांची.

पहिल्याच दिवशी बाई माझ्यापाशी थांबल्या आणि धापा टाकत फितीला हात घालू लागल्या.

“आजी, नो! टेप आहे. वुई कान्ट सिट देअर.”

“अगं, दोन मिनिटं टेकते फक्त.”

“कॅमेरा असेल. डॅड म्हणाला, दे आर व्हेरी स्ट्रिक्ट.”

“बाकाला करोना होतो का गं? जळ्ळं मेलं नशीब! चालायचं म्हणून सांगतात, आणि टेकायचं म्हटलं की सुतळीनं बांधून ठेवतात.”

बसल्या नाहीत. माझ्या पाठीला धरून उभ्या राहिल्या आणि तेव्हाच त्यांना ते घरटे दिसले. माझ्यापासून पंधरा पावलांवर, लव्हाळ्याच्या बेटात, काळ्या हंसांच्या जोडीने गवत-काड्यांचा मोठा ढीग रचला होता. मादी उठून अंडी फिरवत होती. बाईंनी मोजली आणि तिथूनच फोन लावला. इथे साडेअकरा झाले होते. पुण्यात सातचा सुमार.

“अहो, ऐकताय का? इथे हंसाचं घरटं आहे. पाच अंडी. आणि हंस काळा आहे.”

“काळा?”

“काळा कुळकुळीत. चोच लाल.”

“शैला, उभ्या संस्कृत वाङ्मयात हंस पांढरा आहे. तू बदक बघते आहेस. चष्मा पूस.”

“वाङ्मयाला म्हणावं, इकडे येऊन बघून जा. तेही विमान नाही म्हणून अडलंय का?”

चिन्मयी फोनमध्ये तोंड घालून ओरडली, “आजोबा, इट्स अ ब्लॅक स्वॉन! आय प्रॉमिस!”

पलीकडे पद्माकरपंत हसले. त्यानंतर बाई किती तरी वेळ फोनकडे पाहत उभ्या राहिल्या. नातीला म्हणाल्या, “मे महिन्यानंतर आज हसले बघ ते.” तोवर त्यांच्या फोनवर एकच संवाद उरला होता. तिकीट मिळालं का? नाही. डबा आला का? आला. आणि मग दोन्हीकडे शांतता. आता रोज सकाळी पंत आधी विचारीत, “आज पाच आहेत ना?” त्या पाच अंड्यांवर दोन म्हातारी माणसे एकमेकांशी बोलत होती, हे मी माझ्या कानांनी ऐकत होतो, आणि म्हणूनच पुढचे सांगताना माझा जीव जळतो.

शैलाबाईंचा चाळीस वर्षांचा नेम होता. स्वयंपाक झाला की पहिला घास कावळ्याला. तो त्याने उचलल्याखेरीज स्वतः जेवायचे नाही. पुण्यात खिडकीच्या कट्ट्यावर त्यांचे ठरलेले कावळे येत. ग्लेन वेव्हर्लीच्या अंगणात एकही फिरकेना. इथे तळ्याकाठी मात्र रेव्हन होते. कावळ्याचेच भाऊबंद, थोडे थोराड, डोळे पांढरे. बाई दुसऱ्या दिवशी स्टीलच्या डबीत दहीभाताचा घास घेऊन आल्या.

माझ्यापासून बारा पावलांवर पाटी आहे. पक्ष्यांना खायला घालू नका, असे तिच्यावर तीन भाषांत लिहिले आहे आणि चित्रही आहे.

“आजी, साइन सेज डोन्ट फीड.”

“ते पाव टाकणाऱ्यांसाठी आहे बाळा. हे काय खायला घालणं आहे? हा काकबळी आहे. तिकडे तुझे आजोबा एकटे आहेत ना? इथे आपण कुणाला घास दिला, की तिथे त्यांना कुणी तरी देतं.”

असे म्हणून त्यांनी तो घास माझ्यावर ठेवला. त्या पाईनच्या फळीवर. हात जोडले.

मित्रांनो, एरव्ही माझ्यावर माणसे बसलेली असत आणि माणसांच्या धाकाने रेव्हन दूर झाडांवर राहत. आता मी रिकामा, बांधलेला, आणि माझ्यावर रोज पान वाढलेले. दोन दिवसांत चार रेव्हन आले, आठवड्यात अकरा. ते भात टोचून फळीवरून उधळीत. शिते घरंगळून काठच्या उथळ पाण्यात पडत. चौथ्या की पाचव्या दिवशी, बाई परतल्यावर, हंसीने ती पांढरी शिते पाहिली. ती घरट्यातून उतरली, मान लांबवून दोन-चार टिपू लागली. नर दूर पाण्यात होता. एक रेव्हन माझ्या पाठीवरून उडाला आणि घरट्यावर उतरला. हंसी परत फिरेपर्यंत एक अंडे फुटले होते.

मी करकरलो. ढिल्या बोल्टातून जेवढा आवाज काढता येईल तेवढा काढला. त्याने एक पाखरूसुद्धा हलले नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मोजले, पुन्हा मोजले. “चारच?” त्यांनी फोनवर सांगितले. पंत म्हणाले, “असं होतं गं. कावळ्यांनी नेलं असेल.”

“तेच म्हणते मी. भुकेले आहेत मेले. हॉटेलं बंद, सहली बंद, त्यांना कोण टाकणार? उद्यापासून जास्त आणते. पोट भरलं की अंड्यांकडे ढुंकून बघायचे नाहीत.”

पंत म्हणाले, “तुझं म्हणणं पटतं मला. तूप घाल भातावर थोडं, जड पडेल.”

एक गृहिणी आणि एक विद्वान! दोघांच्या विचारात तर्क होता, करुणाही होती. फक्त पंधरा पावलांवर काय घडते ते पाहायला दोघांपैकी कोणीही थांबत नव्हते. थांबणार कसे? तास संपे, घरून दत्तप्रसादचा फोन येई, “आई, पन्नास मिनिटं झाली, निघा आता.” आणि टेकायला जागा नव्हती. त्या पाच मिनिटे जरी माझ्यावर बसल्या असत्या, तरी त्यांनी सारे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले असते. ती फीत मला त्या दिवसांइतकी कधीच काचली नाही.

दुसऱ्या दिवसापासून डबीच्या जागी डबा आला. तूपभात, पोळीचे तुकडे, एकदा तर शिराही. पुढल्या दहा दिवसांत आणखी दोन अंडी गेली. बाई रोज डबा भरून आणीत, रोज मोजीत आणि रोज अधिक आणीत. तिसरे गेले त्या दिवशी त्यांनी पंतांना सांगितलेच नाही. “आज धुकं आहे, दिसत नाही,” म्हणाल्या. आकाश निरभ्र होते.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक लीना आली. तिशीची, मूळची केरळातली, इथे शिकायला आलेली आणि इथेच राहिलेली. गुडघाभर बूट घालून ती उथळ पाण्यात उतरली, लव्हाळ्यातून काही वेचले आणि ओंजळ पुढे करत काठावर आली. ओंजळीत भिजलेला भात होता. तिने दीड मीटरवर थांबून मास्क सावरला.

“आंटीजी, ये चावल आप रखती हैं?”

“हाँ. कौओं के लिए. रोज का नियम है हमारा.”

“कौआ तो आया. फिर स्वॉन भी उतरा, ये चावल खाने. नेस्ट खाली हो गया. और कौए यहीं बैठे थे, इस बेंच पे, वेट करते हुए.” तिने घरट्याकडे बोट केले. “पाँच थे ना? मैंने भी गिने थे.”

शैलाबाईंनी फितीवरूनच माझी पाठ इतकी घट्ट धरली, की त्यांच्या बांगड्या लाकडात रुतल्या.

“आय टोल्ड यू देअर वॉज अ साइन,” चिन्मयी पुटपुटली.

“सांगितलं होतंस गं बाई. सांगितलं होतंस.” मग एकाएकी त्या उसळल्या. “आणि तुम्ही? आप लोग कहाँ थे? बाकाला बांधायला दोन-दोन माणसं येतात, आणि मला म्हातारीला एवढं सांगायला पंधरा दिवस कोणी नाही? पाटी लावली की झालं?”

लीनाने मान खाली घातली. “ग्यारह पार्क हैं, आंटी. मार्च से मैं अकेली हूँ. ये टेप मैंने नहीं बाँधा. मुझे भी गुस्सा आता है. कोई यहाँ बैठा होता, तो कौए पास नहीं आते.”

“म्हणजे मी इथे नुसती बसले असते तरी अंडी राहिली असती?”

“शायद.”

बाईंनी डोळे पुसले. “मग आता बसते. बोलवा पोलिसांना.”

लीनाने तिथल्या तिथे कार्यालयाला फोन लावला. बारा मिनिटे फोनमध्ये सनई-चौघड्यासारखे काही तरी वाजत राहिले. अखेर पलीकडून कोणी म्हणाले, ईमेल करा, पाच कामकाजाच्या दिवसांत उत्तर मिळेल. लीनाने फोन खिशात ठेवला, खिशातून छोटा चाकू काढला आणि माझ्या डाव्या अर्ध्या भागावरची फीत कापली. “चलते-चलते दम लेना मना नहीं है. रोज़ दस मिनट बैठिए. कोई पूछे तो मेरा नाम बताइए.”

शैलाबाई बसल्या. तीन आठवड्यांत माझ्यावर टेकलेले ते पहिले माणूस. तिथूनच त्यांनी पुण्याला फोन लावला आणि एका दमात सारे सांगितले. धुके नव्हते, हेही सांगितले.

“माझ्या हातानं झालं हो. मी त्यांना वाढत होते, आणि ते तिकडे…”

“तूप मी घालायला सांगितलं,” पंत म्हणाले.

“तुम्ही तिथून सांगितलंत. इथे डोळे माझे होते.”

“उद्यापासून तिथे काही ठेवू नकोस.”

“आणि नेम? चाळीस वर्षं झाली. तुम्ही एकटे, त्यात मी तो घासही बंद करायचा? माझ्या जिवाला काय वाटेल!”

“खिडकी इथे आहे ना? तुझे कावळेही इथेच आहेत. मार्चपासून रोज येऊन काचेवर चोच मारतात आणि मी त्यांना हाकलतो. तू घालायचीस, मला कधी सुचलंच नाही. डब्यातला पहिला घास मी ठेवतो, आपल्या दोघांचा. त्याने उचलला की तुला फोन करतो. मग तू जेव.”

“तुमचा डबा येतो साडेबाराला. इथे संध्याकाळचे पाच होतात.”

“मग पाचला जेव. मी तरी कुठे वेळेवर जेवतो?”

“आजी विल बी सो हँग्री,” चिन्मयी म्हणाली.

“राहू दे,” शैलाबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या रिकाम्या हाताने येत. डाव्या बाजूला बसत, पदर सावरून घरट्याकडे पाहत. रेव्हन पहिले तीन दिवस झाडांवरून ओरडत राहिले. मग कमी झाले. एका पहारेकऱ्याने पंधरवड्याची सवय लगेच मोडत नाही, हे मला ठाऊक होते, आणि एका तासापलीकडचे उरलेले तेवीस तास बाईंच्या हातात नव्हते. त्या निघाल्या की मी पुन्हा रिकामा होई आणि प्रत्येक सावलीला दचके. कधी कोणी चालणारा बाईंना बसलेले पाहून कापलेल्या भागात थोडा टेकून जाई. मी मनात त्याचे पाय धरी.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, एका गार सकाळी, हंसी पाण्यात उतरली आणि तिच्यामागे राखाडी रंगाचे दोन गोळे टपकन पाण्यात पडले. नर पुढे, मादी मागे, मध्ये ती दोन पिले. शैलाबाई उठून उभ्या राहिल्या. गुडघ्यांचे भान राहिले नाही. त्यांनी फोन पाण्याकडे धरला.

“दिसतंय का?”

“दिसतंय.” थोड्या वेळाने पंत म्हणाले, “मोज पुन्हा.”

त्यांनी बोट नाचवीत पुन्हा मोजले.

“दोनच आहेत हो.”

“बरं. दोन आहेत.” “उद्या पुन्हा दाखव.”

त्यानंतर नोव्हेंबरात बाईंना विमान मिळाले असे मी चिन्मयीच्या बोलण्यातून ऐकले. माझ्या उजव्या अंगावरची फीत मात्र इथल्या डिसेंबर-जानेवारीच्या उन्हाळाभर तशीच लोंबत होती. ती सोडायला कोणीही आले नाही. उन्हाने तिचे तुकडे होऊन ते पाण्यात गेले, आणि ते पाण्यात गेल्याचा मला आजही संताप येतो.

मित्रांनो, तुम्ही कोणत्याही तळ्याकाठी, कोणत्याही रानात गेलात, तर तुमचा डबा बंदच ठेवा. घास कितीही पवित्र असला, तरी तो कोणत्या तोंडात जातो आणि त्याच्या मागे कोण येते, हे आधी पाहा. पाटी वाचा, आणि ती आपल्यासाठी नाही असे समजू नका. पाहण्यासाठी बसावे लागते. म्हणून माझ्यासारखा एखादा जुना बाक दिसला, तर त्याच्यावर निवांत बसा.

ज्या हातांनी नकळत इजा केली आणि कळताच स्वतःला आवरले, त्या हातांना शांती लाभो. जी तीन पिले पाण्यापर्यंत आलीच नाहीत, त्यांना जिथे असतील तिथे ऊब मिळो. जी दोन आली, त्यांचे पंख बळकट होवोत. आणि दूरदूरच्या दोन घरांतून एकमेकांसाठी उपाशी थांबलेल्या त्या दोन वृद्ध जीवांचे कल्याण असो.